डाव्या पायाचा बूट

मंदाकिनी टिपणीसच्या डाव्या पायाची चर्चा घरात सुरू होऊन पंचवीस दिवस झाले होते. या पंचवीस दिवसांत टेंभी नाक्याजवळच्या त्या घरात जो कोणी आला त्याने चहा घेतला, पाय पाहिला आणि सल्ला दिला. शेजारच्या प्रधानांनी चामड्याचे बूट सुचवले. चामडं खाऱ्या पाण्यात फुगतं आणि वाळल्यावर लाकडासारखं होतं, असं मंदाकिनीने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग तेल लावायचं." मामांनी काथ्याच्या तळव्याच्या चपला सुचवल्या. त्या गाळात जागच्या जागी राहतील आणि पाय तेवढा पुढे जाईल, असं तिने सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "मग हळू चालायचं." तिच्या आईने, सुहासिनीबाईंनी, भाजी निवडता निवडता खडावा सुचवल्या आणि वर विचारलं, "ऋषिमुनी नदीत उतरत ते काय वेडे होते?"

यांच्यापैकी एकानेही खाडीच्या गाळात कधी पाऊल घातलेलं नव्हतं. जिने जन्मभर घातलं होतं त्या कोळणीला कुणी विचारलं नव्हतं.

पाय कापला होता कालवाच्या धारदार शिंपल्याने. मंदाकिनी प्राणिशास्त्राची पदवीधर. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने ठाण्याच्या खाडीतला, विटाव्याच्या अंगाचा एक खडक धरला होता. त्या खडकावर कालवं वर्षभरात किती वाढतात आणि किती मरतात ते मोजायचं. अमावास्येला उधाण येतं, तेव्हा भरती मोठी असते आणि ओहोटीही मोठी. त्या दोन-तीन सकाळी खडक उघडा पडतो, तोही तास-सव्वा तास. असे बारा महिने, बारा मोजण्या. अकरा झाल्या होत्या. भर श्रावणात, डोक्यावर इरलं घेऊन केलेलीही त्यांत एक होती. अकरावी संपता संपता डावा पाय एका कालवाच्या धारेवर पडला आणि टाचेपासून चवड्यापर्यंत चिरला गेला. जखम चिघळली, ताप भरला, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. ताप उतरल्या दिवशी वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, खाटेशेजारी खुर्ची ओढून निकाल दिला, "पायात काहीतरी असल्याशिवाय यापुढे खाडीत उतरायचं नाही. वचन दे मला."

तापातून उठलेलं माणूस कसलंही वचन देतं. तिने दिलं.

बारावी मोजणी चुकून चालणार नव्हतं. अकरा महिन्यांचं वर्ष कुठल्या पंचांगात असतं, असं तिच्या कॉलेजातल्या सरांनी तापाची हकिगत ऐकून घेतल्यावर शांतपणे विचारलं होतं. आणि दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. जूनपासून डोंबिवलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी ठरली होती. एक वर्ष तुझं, पुढची घराची, असा तिचा आणि वडिलांचा ठराव होता आणि त्र्यंबकराव ठरावाचे पक्के होते. सत्तावन्न साली चैत्रातली अमावास्या सोमवारी येत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन सकाळी मिळून जे व्हायचं ते व्हायचं. गुरुवारपासून पाणी खडकाच्या खाली उतरणार नव्हतं.

तिचा बेत साधा होता. शनिवारी कल्याण कॅम्पात जायचं, तिथे लष्कराचा जुना माल अजून विकायला असतो, त्यातून पायाला बेताचं काही मिळतं का ते घालून पाहायचं.

"शनिवारी?" त्र्यंबकराव म्हणाले. "शनिवारी पायताण विकत घेत नाहीत."

"मग रविवारी जाऊ, नाना."

"रविवारी कर्णिकांकडे साखरपुडा आहे."

यावर बोलणं संपलं असं तिला वाटलं. तिच्या वडिलांचं संपलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ते एकटेच कल्याणला गेले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मोठं धूड घेऊन परत आले. आत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट होते. मंदाकिनीने पाय घातला. पायाच्या पुढे बुटात चार बोटं जागा उरली.

"माप कशावरून घेतलंत?"

त्र्यंबकरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने पायाची बाह्यरेषा होती, टोकदार आणि नेटकी. ते बांधकाम खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर होते. हातात पेन्सिल आली की त्यांची रेघ कधी हलत नसे. "गेल्या आठवड्यात तू पडून वाचत होतीस तेव्हा घेतलं."

"नाना, तेव्हा पायाला बँडेज होतं. हे बँडेजचं माप आहे."

"बँडेज पायावरच होतं ना?"

"ते निघून चार दिवस झाले."

"मग दोन मोजे घाल. लोकरी घाल. पाय गरम राहील."

वैशाखाच्या तोंडावर ठाण्यात पाय गरम ठेवायची गरज नसते. गमबूट दाराआड ठेवून ती आकड्यांच्या वहीकडे वळली.

सोमवारी पहाटे ती चेंदणीच्या बंदरावर पोचली तेव्हा काळुराम होडीत बसून विडी ओढत होता आणि त्याची भावजय हौसाबाई टोपली आणि लोखंडी टोचा घेऊन काठावर उभी होती. हौसाबाई खाडीतली कालवं फोडून बाजारात विकत असे. विटाव्याकडचे सगळे खडक तिला तळहातासारखे ठाऊक होते. वर्षापूर्वी मंदाकिनीने तिला विचारलं होतं, की एक खडक वर्षभर न फोडता ठेवाल का. हौसाबाईने कारण विचारलं, ऐकून घेतलं, हसली आणि ठेवीन म्हणाली. तेव्हापासून दर अमावास्येला ती तिला काळुरामच्या होडीतून खडकावर नेत होती, मोजणीची चौकट धरू लागत होती आणि उरलेल्या वेळात शेजारच्या खडकावरून आपली टोपली भरत होती.

मंदाकिनीने होडीत पाय टाकायला उचलला तसा काळुराम बसल्या जागेवरून म्हणाला, "पायतान खाली."

"काय?"

"होरीत पायतान नाय चालत, बाय. होरी आमची आय हाय. आयच्या आंगावं बूट घालून कोन चरतं?"

अकरा महिने ती अनवाणीच आली होती, त्यामुळे हा नियम तिला कळायचं कारणच पडलं नव्हतं. तिने गमबूट काढले आणि मांडीवर घेऊन बसली. ते कुणाच्या तरी लहान मुलांसारखे दिसत होते. हौसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं.

खडकापासून चाळीसेक पावलांवर होडी टेकली. इथून पुढे गुडघाभर पाणी, खाली गाळ. होडीत बूट घालायचा नाही म्हणजे पाण्यात उभं राहून घालायचा. पाण्यात उभं राहून घालायचा म्हणजे एका पायावर. आणि दुसरा पाय वचनाप्रमाणे गाळाला लागू द्यायचा नाही. मंदाकिनी होडीच्या काठाला पोट टेकवून, काळुरामच्या खांद्याला धरून, लोकरीचे दोन मोजे घातलेला पाय बुटात घालू लागली. पायाच्या आधी पाणी आत गेलं. बूट भरला, जड झाला, खाली निघाला. हौसाबाईने तो वरच्यावर धरला. दोन्ही बूट चढेपर्यंत सूर्य कळव्याच्या पुलाच्या वर आला.

मग ती चालू लागली. पहिली चार पावलं ठीक पडली. पाचव्याला डावा पाय उचलला, तो बुटाशिवाय वर आला. बूट गाळात गेला होता, मोजा बुटात होता, आणि दुसरा मोजा अर्धवट बाहेर येऊन चवड्यापुढे लोंबत होता. ती तशीच उभी राहिली.

"बाय, बगल्यासारखी काय उबी? ठेव पाय."

"नानांना वचन दिलंय."

"नाना हितं हाय का बगायला?"

"नाहीत."

"मंग?"

"मंग काही नाही, हौसाबाई. बूट काढता का तो?"

हौसाबाईने कोपरापर्यंत हात घालून बूट उपसला. त्यात खाडीचा निम्मा गाळ होता. तो ओतून, धुऊन, पुन्हा चढवून तीन पावलं गेल्यावर उजवा रुतला. खडकावर पोचेस्तोवर पाणी परतलं होतं. खडकावरची खुणेची खुंटी डोळ्यांदेखत बुडाली. एकही आकडा न घेता ती माघारी आली. येताना काळुराम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पलटनीचं बूट. पलटन काय खारीत कालवा काराया येतं?"

घरी त्र्यंबकरावांनी सगळं ऐकलं. "चालण्याची पद्धत चुकली असणार," ते म्हणाले. "पाय सरळ वर उचलायचा."

मंदाकिनीने गमबूट मोरीत उलटे ठेवले आणि माडीवर गेली. तिथे तिने एक कोरा कागद घेतला. इतके दिवस सगळे जण पायात काय घालावं हेच सांगत होते. घातलेल्या वस्तूने काय करायला हवं हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि तिनेही नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला. पाणी अडवण्यात अर्थ नव्हता. ते वरून येणारच, तर त्याला खालून जायला वाट हवी. बूट पायाला इतका बिलगून हवा की गाळाने ओढला तरी पाय आणि बूट वेगळे व्हायला नकोत. तळ असा की कालवाची धार आत शिरणार नाही, पण पाऊल वाकेल. आणि एका पायावर उभं राहून चढवता आला पाहिजे. तिने ट्रंकेतून कॉलेजात खेळाच्या तासाला घालायचे कॅनव्हासचे बूट काढले. ते पायाला अगदी बेतात होते. त्यांच्याभोवती तिने पेन्सिलीने खुणा केल्या आणि तडक नाक्यावरच्या दौलत चांभाराकडे गेली.

"याला इथे आणि इथे, दोन्ही बाजूंना, तीन-तीन भोकं पाडायची. खाली मोटारच्या टायरचा पातळ तुकडा शिवायचा, खिळे नकोत. आणि घोट्याभोवती हा पट्टा."

दौलतने बूट फिरवून पाहिला. "बाई, एवढी वर्षं बसतोय हितं. लोक भोकं बुजवाया येतात."

"मला पाडून हवीत."

"नव्याकोऱ्यागत हायत हो."

"दौलतराव, उद्या पहाटेच्या आधी हवेत. आज संध्याकाळी मिळतील?"

"घेऊन जा."

संध्याकाळी बूट झालेले नव्हते. टायर आणायला माणूस गेला होता. मंगळवारी सकाळी, ओहोटीची वेळ निघून जात असताना, ती पुन्हा गेली. टायर आला होता, पण दौलत अजून आला नव्हता. चार वाजता बूट मिळाले. टायरचा तळ उत्तम शिवला होता. पट्टाही. भोकं तिला दिसेनात. तिने आत बोटं घालून पाहिलं. प्रत्येक भोकावर आतून चामड्याची गोल टिकली व्यवस्थित शिवलेली होती.

"ही कशाला?"

"भोकं पाडली तशी, तुम्ही म्हणाल्या तशी," दौलत म्हणाला. "पण दिसाया बरं दिसंना. बाईमानसाचा बूट, म्हणून लावल्या टिकल्या. त्याचं काही नको."

तिने बूट त्याच्या हातात परत दिला आणि सहाच्या सहा टिकल्या काढून होईस्तोवर त्याच्यासमोर उभी राहिली. मग दुसऱ्या बुटाच्या सहा.

मंगळवार असा गेला. बुधवार उरला.

बुधवारी त्र्यंबकराव छत्री घेऊन तयार होते. "मी येणार. परवा कुणी लक्ष द्यायला नव्हतं म्हणून घोटाळा झाला." मंदाकिनीने त्यांना परतवायचा प्रयत्न केला नाही, तेवढा वेळ नव्हता. बंदरावर काळुरामने त्यांच्या पंपशूकडे बोट दाखवलं. त्र्यंबकराव म्हणाले, की मी आयुष्यात कधी अनवाणी चाललेलो नाही. काळुराम म्हणाला, "चालाचं कुठं हाय, नाना, बसाचं हाय." पंपशू बंदरावर राहिले. त्र्यंबकराव पाय आखडून, छत्री उघडून बसले आणि आकडे लिहायची वही त्यांनी मंदाकिनीच्या हातून काढून घेतली, कारण तिचे हात ओले होणार होते आणि तिचं अक्षर त्यांना कधीच पसंत नव्हतं.

कॅनव्हासचे बूट एका पायावर उभं राहून चढले. पट्टे आवळले. तिने पाऊल टाकलं, उचललं. गाळाने ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. दर पावलाला भोकांतून पाण्याच्या बारीक धारा बाहेर पडत होत्या. चाळीस पावलं ती न थांबता गेली. काळुरामने होडी पाठोपाठ खडकाच्या जवळ ढकलत आणली. महिन्याभरात पहिल्यांदा मंदाकिनीला बरं वाटलं.

खडकाच्या वरच्या टोकाला लोखंडी खुंटी ठोकलेली होती. तिला दोरी बांधायची, दोरी पाण्याच्या दिशेने ताणायची. दोरीला दहा गाठी होत्या. प्रत्येक गाठीशी हातभर लांब-रुंद लाकडी चौकट ठेवायची आणि चौकटीतली जिवंत कालवं मोजायची. खडक उघडा पडला तरी त्याच्या खळग्यांत गाळाचा पातळ थर असे आणि त्यावर घोटाभर गढूळ पाणी साचलेलं असे, म्हणून प्रत्येक कालव हाताने चाचपून मोजावं लागे. मंदाकिनी वाकली, हात घातला, मोजलं.

"पहिली गाठ. बारा."

"बारा," त्र्यंबकरावांनी लिहिलं.

तिने पुन्हा मोजलं. बाराच. गेल्या महिन्यात इथे एकतीस होती. दुसऱ्या गाठीशी नऊ निघाली. तिथे सव्वीसच्या खाली कधी आकडा गेला नव्हता. तिसरीशी चौदा. महिन्याभरात निम्म्याहून जास्त कालवं मरतील असं काही झालेलं नव्हतं. मेली असती तर रिकामे शिंपले जागेवर हाताला लागले असते. म्हणजे कालवं मेली नव्हती. नेली होती.

ती सरळ उभी राहिली. हौसाबाई चौकट धरून वाकलेली होती.

"हौसाबाई, या खडकावर कुणी आलं होतं का?"

"कोन येनार?"

"कुणीतरी फोडलाय हा. निम्मी कालवं नाहीत. मी तापात पडले होते, तुम्हाला वाटलं असेल की मी आता येत नाही. तसं असेल तर सांगा. मला फक्त खरं काय ते कळू दे."

हौसाबाईने चौकट सोडली. ती उभी राहिली तेव्हा मंदाकिनीला पहिल्यांदाच जाणवलं की ती आपल्यापेक्षा वीतभर उंच आहे.

"तू मना चोर बोलतंस?"

"चोर नाही म्हणत मी..."

"तेच बोलतंस. सालभर माज्या जावांना या खरकाचं तोंड बगू दिलं नाय मी. शिमग्याला घरात पावनं, कालवा नाय, तरी हात लावला नाय. मी सबूद दिलता. तुज्या बापाला तू दिलंस ना, तसाच सबूद."

"काय झालं गं?" त्र्यंबकराव होडीतून म्हणाले.

हौसाबाई नऊवारीचा काचा वर खोचून पहिल्या गाठीशी गेली, चौकटीत उभी राहिली आणि अनवाणी तळवा गाळावरून हळूहळू सरकवू लागली. "हा एक. हा दुसरा, चपटा. हितं दोन, एकावं एक. हात घाल." मंदाकिनीने तिच्या पायाजवळ हात घातला. होती. थराखाली, खडकाच्या खाचेत, दोन. "हा पाचवा, सवावा. खाली सारा गाल भरलाय, बाय. तुज्या हाताला काय कलनार? तू येरवी पायानं बगतंस, मंग हात घालतंस. आज पायाला टायर बांधून आलंस."

मंदाकिनी वाकलेलीच राहिली.

खरं होतं. तिने ते कधी ठरवलं नव्हतं, कधी लिहिलं नव्हतं. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ अक्षरात 'हाताने चाचपून' असं लिहिलेलं होतं. पण पहिल्या महिन्यापासून हौसाबाईचं बघून ती पाण्यात पाय आधी फिरवत होती. तळव्याला कालवाचा काठ लागला की हात तिथे जाई. अकरा महिने कालवं शोधली होती तळपायाने आणि श्रेय घेतलं होतं हाताने. आज तळपाय टायरवर होता. बारा, नऊ, चौदा हे आकडे खडकाचे नव्हते, बुटाचे होते.

"हौसाबाई, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी असं बोलायला नको होतं."

हौसाबाई दुसरीकडे बघत होती. "पुरचं बग. पानी थांबाचं नाय."

मंदाकिनी होडीकडे वळली. "नाना, लिहिलेले तीनही आकडे खोडा. मी बूट काढते आहे."

"वचन?"

"वचन दिलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मी पायाने मोजते. अकरा महिने अनवाणी मोजलं आणि बाराव्याला बुटाने, तर हे आकडे एका तक्त्यात ठेवता येत नाहीत. बूट घालून मोजायचं तर न मोजलेलं बरं."

"पाय पुन्हा चिरला तर? परत ताप आला तर?"

"नाना, रस्ता मोजताना अर्ध्यावर तुम्ही साखळी बदलली असती?"

"भलतंच. साखळी बदलली तर पहिल्यापासून मोजायचं."

"पहिल्यापासून मोजायला मला वर्ष आहे का?"

त्र्यंबकरावांनी छत्री मिटली. खडकाच्या खालच्या अंगाला पाण्याची कड हलायची थांबली होती. आता ती उलटी फिरणार. त्यांनी ते पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि तीस वर्षं मजुरांना विचारत तशा आवाजात विचारलं, "कुठल्या पायाने चाचपतेस?"

"म्हणजे?"

"एका पायावर उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याने चाचपता येतं का? कुठल्या पायावर उभी राहतेस, कुठला फिरवतेस?"

तिने करून पाहिलं. मग दुसऱ्या गाठीशी जाऊन न ठरवता केलं. "उभी डाव्यावर. फिरवते उजवा."

"नेहमी?"

"नेहमी."

"अंगाचा भार डाव्यावर, म्हणून कापलाही डावाच. मग डावा कशाला उघडा करतेस? तो काही मोजत नाही."

महिन्याभरात मिळालेला हा पहिला शहाणा सल्ला होता, आणि तो नानांकडून यावा याची तिला इतकी चीड आली की ती खाली वाकून उजव्या बुटाचा पट्टा हिसके देऊन सोडू लागली. बूट तिने होडीच्या दिशेने धरला. काळुरामने नकाराची मान हलवली. शेवटी त्र्यंबकरावांनी तो छत्रीच्या दांड्याला अडकवून, होडीला लागू न देता, पाण्यावर धरून ठेवला.

"पहिली गाठ. तीस."

"तीस."

"दुसरी. सत्तावीस. तिसरी थांबा... अठ्ठावीस."

आता हातापायांना नेहमीची लय सापडली. उजवा तळवा पुढे सरके, थांबे, हात खाली जाई. डाव्या पायाखाली कालवं कुरकुरत आणि टायर त्यांना दाद देत नसे. चौथी, पाचवी. वरचा भाग संपून खालचा आला तेव्हा पाणी घोट्यावरून पोटऱ्यांवर चढलं होतं. सहाव्या गाठीनंतर चौकट तरंगू लागली. हौसाबाई अजून तिच्याशी बोलत नव्हती, पण येऊन तिने चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर दोन पाय रोवले. सातवी. आठवीला गुडघ्यावर पाणी आलं, नववीला त्याच्या वर. दहावीशी मंदाकिनी कमरेपर्यंत बुडाली आणि हात तळाशी पोचवायला तिला प्रत्येक वेळी हनुवटी पाण्याला लावावी लागली.

"किती?" त्र्यंबकराव ओरडून विचारत होते. "मोठ्याने सांग."

"सतरा. अजून आहे. अठरा. एकोणीस." तळवा एकदा चौकटीच्या चारही कडांनी फिरला. "एकोणीस. बस."

"दहावी गाठ, एकोणीस," त्र्यंबकरावांनी लिहिलं. "शेरा काय लिहू?"

"लिहा, डाव्या पायात बूट होता."

"हे कशाला लिहायचं? सरांना हसू येईल."

"येऊ दे. होता म्हणून लिहायचं. आणि नाना, तिथेच खाली लिहा, सर्व मोजण्या उजव्या तळपायाने चाचपून केल्या. ही रीत हौसाबाई कोळी, चेंदणी, यांच्याकडून शिकले."

त्र्यंबकरावांनी लिहायचं थांबवून हौसाबाईकडे पाहिलं. ती दोरी गुंडाळत होती. दहाही गाठी तिने एकेक करून पिळल्या आणि दोरीचं वेटोळं मंदाकिनीच्या खांद्यात अडकवलं.

"माजं नाव कनाला लिवतंस?" ती म्हणाली. "वाचनार कोन?"

"तीन परीक्षक."

"ते कालवा खातं?"

"माहीत नाही."

"मंग त्यांना काय कलनार." ती होडीची कड धरून वर चढली आणि वळून हात पुढे केला. "ये. आन बाय, झालं ना तुजं साल? पुरच्या उदानाला मी हा खरक फोरनार. माज्या जावा ऐकाच्या नाय आता."

मंदाकिनी पाण्यात उभी राहून डाव्या बुटाच्या ओल्या पट्ट्याची गाठ सोडवत होती. दहा गाठी, दोनशे चौतीस कालवं. एकेकाची जागा तिच्या तळपायाला पाठ होती. "फोडा," ती म्हणाली. गाठ सुटत नव्हती. तिने बोटांनी ओढून पाहिली, नखाने उकरून पाहिली, तरी सुटेना. पाणी चढत होतं, काळुराम वल्हं आडवं धरून वाट पाहत होता आणि त्र्यंबकराव होडीतून सांगत होते, की गाठ उलट्या बाजूने ओढायची असते.